घरच्यांना दोनदा

पंक्चरमास्तर हे नाव त्यांना पोरांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की टपालवालासुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून घुटमळायचा. मग एकदम उजेड पडल्यासारखा म्हणायचा, "अच्छा, आपले मास्तर होय!" दिवसभर चौकातल्या दुकानात सायकलींची, स्कूटरींची पंक्चरं काढायची आणि चार वाजले की शटर अर्धं ओढून, बॉलांची जाळी खांद्यावर टाकून मागच्या मैदानावर जायचं. पस्तीस वर्षं हाच क्रम. ताप असो, पाहुणे असोत, चार म्हणजे चार. "दुकानाला कुलूप लावायला विसरतील, पण मैदानाला नाही," असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं. दोनदा विसरले होते.

मैदान म्हणजे तरी काय? एका बाजूला गोदामाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं कुंपण, कोपऱ्यात एक नळ, तो बंद केला तरी गळायचा. गवत नावाला. पण मास्तरांनी दुकानातले निकामी टायर आणून तिथे असा काही पसारा मांडला होता की पोरांना घरी जावंसं वाटायचं नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाच वेगळी. इतर ठिकाणी पोरांना रांगेत उभं करतात, शिट्टी फुंकतात, भाषण देतात. मास्तरांना भाषणाचा भारी कंटाळा. "मी बोलून काय होणार? खेळू दे, बॉल शिकवील," म्हणायचे. पायात बॉल घेऊन पळणारं पोर सारखं खाली बघतं, ही त्यांची जन्माची डोकेदुखी. त्यावर त्यांनी 'किती बोटं' नावाचा खेळ काढला. सगळ्यांनी टायरांमधून वळसे घेत बॉल न्यायचा आणि मास्तर मधूनच हात वर करून बोटं दाखवणार. कुणी तीन म्हणे, कुणी चार. ज्याचं चुकेल त्याने नळाला हात लावून यायचं. महिन्याभरात पोरांच्या माना आपोआप वर. मग दोन-दोन टायरांची दारं मांडायची आणि जोडीने पास देत कोण जास्त दारं ओलांडतं ते बघायचं. अंगात घाम आणि तोंडात मोजणी, असा कल्ला चालायचा की गोदामाचा पहारेकरी कानात बोटं घालून बसायचा.

पण या सगळ्यांत मास्तरांचा लाडका खेळ होता कोंडी. सात-आठ पोरांनी रिंगण धरायचं, एकाने मधे उभं राहायचं. रिंगणातल्यांनी आपसात पास द्यायचे, मधल्याने बॉल अडवायचा. अडवला की मधला बाहेर आणि ज्याचा पास चुकला तो आत. इतकं साधं. त्यात मास्तरांचा एकच कडक नियम होता. मधलं पोर फार वेळ अडकलं, रडवेलं झालं, तरी दयेपोटी कुणी त्याच्या पायात बॉल सोडायचा नाही. अशा पासला ते 'भिकेचा पास' म्हणायचे. "त्याला बॉल हवाय. तुमची दया नकोय," हे वाक्य त्या मैदानावर खेळलेल्या प्रत्येकाला झोपेतही पाठ असेल.

आता त्यांच्या मुलीचं सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्टच तिची आहे.

एकुलती एक मुलगी. चालायला लागली ती दुकानातल्या ट्यूबांमधून आणि पळायला लागली ती मैदानावरच्या टायरांमधून. बॉल पायाला लागला की गर्रकन अशी फिरायची की समोरचा भलतीकडेच धावत सुटायचा. म्हणून पोरं तिला भिंगरी म्हणायची. नवव्या वर्षी ती बारा वर्षांच्या मुलांना हातोहात फसवायची. मास्तर कुणापुढे तिचं कौतुक करत नसत, पण रात्रीचं ताट पुढ्यात आलं की बायकोला सांगायचे, "आज तिने एक पास दिला, तू बघायला हवा होतास." बायको म्हणायची, "पोरीलाच सांगा की." ते काही त्यांनी केलं नाही.

त्याच वर्षी एका संध्याकाळी टायपिंगच्या क्लासचा मालक मैदानाच्या कडेला उभा होता. त्याची मुलगीही तिथे खेळायची. डाव्या पायाची, म्हणून तिला सगळे डावरी म्हणायचे. भिंगरी कोंडीतून लगेच बाहेर आली तसा हा गृहस्थ शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला, "घरचीच पोर आहे, तिला कोण अडकवणार?"

झालं. मास्तर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, त्याला एवढं पुरेसं होतं. तो शब्द मास्तरांच्या असा जिव्हारी लागला की त्या रात्री जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं: कोंडीतून सुटायला बाकीच्यांनी एकदा बॉल घ्यायचा. भिंगरीने दोनदा.

अहो, नऊ वर्षांची पोर! तिने विचारलं, "का?" मास्तर म्हणाले, "तू घरची आहेस म्हणून." तिने मान डोलावली. तिला वाटलं असेल, घरची असणं म्हणजे असंच असतं. आणि गेली मधे.

सहा वर्षं ती दोनदा बॉल घेत राहिली. कधी चकार शब्द काढला नाही. उलट त्याने तिचा खेळ असा काही तासून निघाला की पंधराव्या वर्षी तिला अडवणारं त्या मैदानावर कुणी उरलं नाही. मास्तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे, बघा, माझ्या नियमाने पोर घडली. माणूस स्वतःला किती पटकन माफ करतो ना!

त्या वर्षी क्रीडा कार्यालयाचं पत्र आलं. मुलींचा मोठा संघ बांधायचा होता, राहण्या-शिकण्याची सोय तिकडेच, आणि प्रत्येक मैदानाने एकच नाव पाठवायचं होतं. एकच. नाव कोणाचं पाठवायचं हे मैदानावरच्या नळालाही माहीत होतं. भिंगरीने बूट धुऊन वाळत घातले. आईने एक जुनी बॅग झटकून ठेवली. कुणी काही बोलत नव्हतं, पण घरात सणासारखं वाटत होतं.

शेवटच्या दिवशी दुकानात बसून मास्तरांनी कागदावर मुलीचं नाव लिहिलं. लिहून बघत बसले. आणि त्यांच्या कानात ते जुनं वाक्य वाजायला लागलं: घरचीच पोर आहे. उद्या टायपिंगवाला काय म्हणेल, पोरांचे आईबाप काय म्हणतील, मैदानावरच्या सगळ्यांचा विश्वास एका नावापायी जाईल, असं काय काय मनात आलं. त्यांनी कागद चुरगाळला. नवा घेतला. त्यावर डावरीचं नाव लिहिलं. डावरी चांगलीच खेळायची, खोटं कशाला बोला. पण भिंगरीची सर तिला नव्हती आणि हे मास्तरांइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. 'आपली अजून लहान आहे, पुढच्या वर्षी तिलाच पाठवू,' असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

पाकीट चिकटवायला डिंक सापडेना. हाताशी पंक्चरचं सोल्युशन होतं, तेच बोटाने लावलं आणि पाकीट दाबलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक फाटकं टायर घेऊन आलं, कार्यालय बंद व्हायला तासच उरलेला, आणि शाळेतून येणारी भिंगरी सायकलवरून दारात हजर. मास्तरांनी तिच्याकडे न बघताच पाकीट पुढे केलं. "हे तेवढं कार्यालयात देऊन ये."

पोरीने दोन्ही हातांनी ते पाकीट घेतलं. हसली. आणि सायकलवर टांग मारून गेली.

ते हसणं मास्तरांना पुढे वीस वर्षं झोपू देणार नव्हतं. नाव कापलं ते एक वेळ सोडा, पण तिचं कापलेलं नाव तिच्याच हातून पाठवलं! हा माणूस दगडाचा होता की काय, असं कुणी म्हणेल. नव्हता हो. घाबरट होता. घाबरट माणसाच्या हातून जेवढं वाईट होतं तेवढं दुष्टाच्या हातूनही होत नाही.

आठवड्याने डावरीचं नाव फलकावर लागलं. भिंगरीचं पोट दुखायला लागलं, म्हणून ती चार दिवस मैदानावर गेली नाही. मग परीक्षा आली. मग ती गेलीच नाही. रडली नाही, भांडली नाही, जेवण टाकलं नाही. बूट आईकडे दिले आणि पुस्तकं उघडली. मास्तर वाट बघत होते की ती भांडेल आणि मग आपण बोलू. ती भांडली नाही आणि हे बोलले नाहीत. पुढचं वर्ष आलं तेव्हा कार्यालयाचं पत्रच आलं नाही.

डावरीने तिकडे दोन वर्षं काढली आणि कंटाळून परत आली. तिचा बाप मात्र आजही रस्त्यात भेटला की मास्तरांचे दोन्ही हात धरतो. "तुमच्यासारखा न्यायी माणूस बघितला नाही. पोटच्या पोरीला बाजूला ठेवलंत!" मास्तर हात सोडवून घेतात. त्यांना त्या माणसाचा राग येत नाही, स्वतःचीच शिसारी येते.

भिंगरी शिकली, परगावी प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. फोन यायचा तो आईला. शेवटी आई म्हणायची, "बाबांशी बोल," आणि मास्तर फोन हातात घेऊन म्हणायचे, "बरी आहेस ना? तिकडे थंडी आहे का?" थंडीवर किती बोलणार? मिनिटभरात फोन पुन्हा आईच्या हातात जायचा.

बायको आजारी पडली आणि चार महिन्यांपूर्वी गेली. जायच्या आधी दवाखान्यात, कॉटवर पडल्या पडल्या, तिने त्यांना जवळ बोलावलं. तिचा आवाज बारीक झाला होता, पण जीभ होती तशीच. "अहो, पंक्चर दिसतंय, ठिगळ हातात आहे, आणि तुम्ही वीस वर्षं नुसती हवा भरताय. सांगून टाका तिला एकदा. माझ्यामागे मधे बोलायला कुणी नसणार." मास्तरांनी तिचा हात हातात घेऊन कबूल केलं. ती गेली तेव्हा मुलगी आली, चार दिवस राहिली, पण माणसांच्या गर्दीत बोलणं झालं नाही. म्हणजे मास्तरांनी होऊ दिलं नाही.

आणि आता ती पुन्हा आली होती, आठ वर्षांच्या लेकीला घेऊन, आठच दिवसांसाठी. जावयाला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती. सगळं बिऱ्हाडच तिकडे हलायचं होतं. परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, "पाच-सात वर्षं तरी नाही, बाबा." मास्तर सदुसष्ट वर्षांचे. त्यांनी मनात बेरीज केली.

सांगायचं तर या आठ दिवसांतच. पहिल्या दिवशी ती थकलेली होती. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन बसली ती उठेचना. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी "अगं, ऐक" म्हणून सुरुवात केली, ती स्वयंपाकघरातून "काय?" म्हणून आली, ओले हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि ह्यांच्या तोंडून काय निघावं? "तिकडे थंडी असेल ना?" ती म्हणाली, "असेल," आणि परत गेली. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग ती आईचं कपाट रिकामं करायला बसली. साड्या एका बाजूला, कागद एका बाजूला, द्यायच्या वस्तू तिसऱ्या बाजूला. तळाच्या खणात, जुन्या चादरीत गुंडाळलेले तिचे बूट निघाले. आईने ते वीस वर्षं जपले होते, आत वर्तमानपत्राचे बोळेसुद्धा तसेच. मास्तर दारात उभे होते. भिंगरीने बूट उलटेपालटे करून बघितले आणि द्यायच्या ढिगात ठेवले. "मैदानावर कुणाला तरी होतील," एवढंच म्हणाली. मास्तरांचं आयुष्य रबरात गेलेलं. वीस वर्षं कोंडून ठेवलेल्या रबराचं काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण तेही त्यांनी सांगितलं नाही.

सातव्या दिवशी, म्हणजे जायच्या आदल्या संध्याकाळी, नात हट्टाला पेटली. "आजोबांचं मैदान मला बघायचंच आहे!" भिंगरी बुटांची पिशवी उचलून म्हणाली, "चल. मलाही हे द्यायचेत."

वीस वर्षांनी ती त्या मैदानावर आली. नळ गळत होता. ती भिंतीकडेच्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसली. एका मोठ्या मुलीने हौसेने तिचे बूट पायात घातले, दोन पावलं टाकली आणि उजव्या बुटाचा तळवा कडकन तुटून हातभर लांब पडला. पोरं खो खो हसली. भिंगरीही हसली, आणि मग तिने तो तळवा उचलून परत पिशवीत ठेवला.

नात मात्र कोंडीत घुसली होती. पहिल्या पासलाच मास्तरांच्या लक्षात आलं, ही काही आज खेळायला लागलेली नाही. मान वर, पाय हलके. पण इथली पोरं तरबेज, चौथ्या-पाचव्या पासला तिचा बॉल अडला आणि ती मधे गेली. दोन-तीनदा फसली, मग झपकन आडवी येऊन तिने बॉल घेतला. पोरं ओरडली, "सुटलीस! ये बाहेर!"

ती जागची हलली नाही.

"अगं, ये ना बाहेर," मास्तर म्हणाले.

"एकदाच झालं. अजून एकदा राहिलंय."

"येडी आहेस का?" एक पोरगा म्हणाला. "एकदाच असतं."

"तुम्हाला एकदा," नात त्याला समजावून सांगावं तशी म्हणाली. "आमच्या घरच्यांना दोनदा. आई म्हणते."

मास्तरांनी वळून टायरांच्या ढिगाकडे बघितलं. भिंगरी खाली मान घालून पिशवीची गाठ मारत होती. पोरं "बरं बाबा, दोनदा तर दोनदा" म्हणून खेळायला लागली. मास्तर हळूहळू चालत भिंतीपाशी गेले आणि तिच्या शेजारी टायरावर टेकले.

"तू तिला शिकवतेस?" त्यांनी विचारलं.

"गच्चीवर. दोघीच असतो, त्यामुळे कोंडी नीट होत नाही. भिंतीला धरून खेळतो."

"पण दोनदा कशाला, बाळा?"

"मला तसंच येतं, बाबा. तसंच शिकले मी."

ती हे रागाने म्हणाली असती तर मास्तर परत गप्प बसले असते. पण ती अगदी साधेपणाने म्हणाली आणि त्यांच्या काळजाला ते सहन झालं नाही. वीस वर्षं अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"मी चुकलो गं. तो नियमही चुकला आणि ते नावही. आधी तुझंच नाव लिहिलं होतं. मग कागद चुरगाळला. तू सगळ्यांत चांगली होतीस, मला माहीत होतं, माहीत असून कापलं. लोक काय म्हणतील म्हणून भ्यालो. आणि ते पाकीट तुझ्याच हातात दिलं. तुला काही माहीत नव्हतं आणि मी..."

भिंगरीने पिशवी खाली ठेवली.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बाबा, तुम्ही पाकीट सोल्युशनने चिकटवलं होतंत. वाळायच्या आत हातात दिलंत. पहिल्याच वळणावर ते आपोआप उघडलं. मला वाटलं माझंच नाव आहे, बघू तरी कसं लिहिलंय. म्हणून बाहेर काढलं."

मास्तरांनी पस्तीस वर्षं पंक्चरं काढली. सोल्युशन वाळल्याशिवाय दाबायचं नाही, हे गिऱ्हाइकांना उठता बसता सांगितलं. आणि तेवढंच नेमकं त्या दिवशी!

"मग... फाडून का नाही टाकलंस? परत का नाही आलीस?"

"तुम्ही देऊन ये म्हणाला होतात," भिंगरी म्हणाली. "परत चिकटवलं आणि दिलं. वाटलं, हाही दोनदाचाच नियम असेल. आपल्याला अजून एकदा घ्यावा लागेल बॉल. वर्षभर वाट बघितली, तुम्ही एकदा तरी म्हणाल की बघ, आता तुझी पाळी." तिचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला. "तुम्ही थंडीचं विचारत राहिलात."

"मला माफ कर," मास्तर म्हणाले.

"केलंय हो, बाबा. केव्हाच केलंय. पण तुम्हाला वाटतं तसं माफ करून परत नाही मिळत काही. मला खेळायचं होतं. बाकी काही नाही, नुसतं खेळायचं होतं."

तिकडे नातीने दुसऱ्यांदा बॉल घेतला आणि दोन्ही हात वर करून नाचत बाहेर आली.

भिंगरी अचानक उठली. चपला काढल्या, पदर खोचला आणि अनवाणी रिंगणात जाऊन उभी राहिली. "बाबा, मधे या," ती म्हणाली.

"मी?"

"तुम्हीच. या."

पोरांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. मास्तर मधे! पस्तीस वर्षांत मास्तर कधी मधे गेले नव्हते. दुखरा गुडघा सावरत ते रिंगणात शिरले, तशी नात टाळ्या पिटत ओरडली, "आजोबांना पण दोनदा हं! आजोबा घरचेच आहेत!"

बॉल फिरायला लागला. मास्तर इकडून तिकडे, तिकडून इकडे. धाप लागली, पोरं चेकाळली. शेवटी एका चिमुरड्याचा पास लांबला आणि मास्तरांनी पाय घालून तो अडवला. "एक!" सगळे ओरडले. मास्तर हसले. दुसराही मिळेल असं त्यांना वाटलं.

पण आता बॉल सारखा भिंगरीकडे यायला लागला. आणि मास्तरांनी तिचा खेळ बघितला. वीस वर्षांनी, रिंगणाच्या आतून, पहिल्यांदाच. ती डावीकडे बघायची आणि पास उजवीकडे जायचा. मास्तर पोचायच्या आधी बॉल गेलेला असायचा, तोही असा मऊ की घेणाऱ्याला नुसता पाय टेकवावा लागे. पस्तिशी गाठलेली बाई, अनवाणी, साडीत. मास्तरांनी आयुष्यात इतकी पोरं बघितली, पण असा पाय बघितला नव्हता. हे आपल्याला ठाऊक होतं असं ते समजत होते. किती ठाऊक होतं ते आत्ता कळत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्या पाण्यातून बॉल काही नीट दिसेना.

"आई," नात हळूच म्हणाली, "दे ना त्यांना एकदा."

"भिकेचा पास द्यायचा नसतो," भिंगरी म्हणाली. "आजोबांनाच विचार."

मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. ऊन गोदामाच्या भिंतीवरून उतरलं होतं. पोरांना न्यायला आलेले आईबाप कडेला येऊन थांबले होते. "मान वर, बाबा," भिंगरी म्हणाली. त्यांनी मान वर केली. ती समोर उभी होती, पायाखाली बॉल, गालांवरून ओघळ, आणि ते ती पुसतही नव्हती. तिने पास दिला. मास्तर झेपावले. बॉल त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावरून निघून गेला.

अंधार पडेपर्यंत त्यांना तो मिळाला नाही.

सकाळी लवकर दोघी गेल्या. गाडीत बसताना भिंगरीने त्यांच्या गळ्यात हात टाकले, असं तिने लहानपणानंतर केलं नव्हतं. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थंडीचं काही विचारलं नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी बराच वेळ ते रस्त्यात उभे होते. मग दुकान उघडलं. दोन पंक्चरं काढली. सोल्युशन लावलं आणि वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

चार वाजता जाळी खांद्यावर टाकून ते मैदानावर गेले. पोरांनी रिंगण धरलं आणि विचारलं, "मास्तर, आज पहिल्यांदा मधे कोण?"

मास्तरांनी जाळी खाली ठेवली आणि ते रिंगणात शिरले.

"मीच," ते म्हणाले. "माझं अजून एक राहिलंय."